सँडविच पॅनेलमधला तडा आणि डॅमेज टॉलरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, फायबर आणि कंपोझिटचे भाग दुरुस्त करण्याचं. शनिवारी दुपारी इंजिनिअरिंगची पोरं येतात, कधी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या औद्योगिक भागात, नव्याने लागलेले टेक्निशियन येतात. चहा होतो, आणि फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. दर वेळी फळ्यावर तीच चित्रं काढून कंटाळलो, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. विमानाच्या भागाला हात लावायचा असेल तर त्या विमानाचं स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल सांगेल तेच करायचं. हे पान फक्त समजून घेण्यासाठी आहे.

सँडविच म्हणजे नक्की काय? दोन पातळ पत्रे आणि मध्ये पोकळ जाळी, यात एवढं काय आहे?

कळमन्याच्या बाजारातून संत्री भरून येणारा पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि त्याची एक बाजू फाडून बघा. बाहेर सपाट कागद, आत सपाट कागद, मध्ये नागमोडी कागद. तिघेही वेगवेगळे हातात धरले तर लोंबतात, आणि चिकटवले की वीस किलो संत्री पेलतात. विमानातलं सँडविच याच कल्पनेवर चालतं. बाहेरच्या पत्र्यांना फेसशीट किंवा नुसतं स्किन म्हणतात. त्या कार्बन किंवा ग्लास फायबर आणि इपॉक्सीच्या असतात. मधल्या भागाला कोअर म्हणतात. कोअर नोमेक्सचं म्हणजे अरामिड कागद फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवून केलेलं हनीकोंब (मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी) असतं, कधी अॅल्युमिनियमचं हनीकोंब, कधी फोम, कधी बाल्सा लाकूड. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान बर्च प्लायवूड आणि बाल्साच्या सँडविचचं होतं. ते १९४० साली पहिल्यांदा उडालं, तेव्हा ही कल्पना काही कालची नाही.

फायदा किती, तर एक ठोकळ हिशोब सगळ्यांना पाठ असतो. एक भरीव पत्रा घ्या. तेवढाच माल दोन भागांत वाटून मध्ये कोअर घातलं आणि एकूण जाडी मूळच्या दुप्पट केली, तर वाकण्याला विरोध साधारण सातपट होतो. जाडी चौपट केली तर सदतीसपट. वजन वाढतं तीन ते सहा टक्के. अशी गोष्ट बघून डिझायनर तिच्या प्रेमात पडणारच. आमच्याकडे येतं ते त्यानंतरचं.

एवढं मजबूत आहे, तर मग बिघडतं कुठे?

जोडात. स्किन आणि कोअर यांच्यामध्ये चिकट फिल्मचा एक पातळ थर असतो, आणि सगळी मजबुती त्याच्या भरवशावर असते. हनीकोंबच्या बाबतीत तर स्किन पूर्ण पृष्ठभागावर टेकलेलीच नसते. षटकोनी खणांच्या भिंतींच्या फक्त कडा तिला टेकतात. फिल्म वितळताना त्या कडांवर थोडी चढून बारीकशी गोलाई तयार करते. आम्ही तिला फिलेट म्हणतो. फिलेट नीट आली तर जोड उत्तम. फिल्म जुनी होती, फ्रीझरमधून काढून ओली असतानाच उघडली, कोअरवर हाताचं तेल लागलं, तर स्किन नुसती टेकून राहते. बाहेरून काही कळत नाही. याला किसिंग बाँड असं गमतीशीर नाव आहे, पण प्रकार मुळीच गमतीचा नाही, कारण टेकलेली स्किन अल्ट्रासॉनिक तपासणीलाही पुष्कळदा चिकटलेलीच वाटते.

जन्माचा दोष नसेल तर नंतरची कारणं आहेतच. पाना पडतो, गारा पडतात, ट्रॉली धडकते, स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं, हायड्रॉलिक तेल झिरपतं.

तडा, डिलॅमिनेशन आणि डिसबाँड यांत फरक काय? सगळे शब्द एकत्रच वापरतात.

वापरतात, आणि त्यामुळे रिपोर्ट वाचताना घोळ होतो. स्किनमधले थर एकमेकांपासून सुटले की डिलॅमिनेशन. स्किन कोअरपासून सुटली की डिसबाँड. कोअरच स्किनच्या खाली आडवं फाटत गेलं की कोअर फ्रॅक्चर. तिन्ही एक प्रकारचे तडेच आहेत, पण आडवे पसरणारे, पापुद्र्यासारखे. लोखंडी पट्टीतली उभी भेग डोक्यात ठेवून इकडे आलात तर गोंधळ उडेल.

तडा कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, आणि मला या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

तडा पुढे सरकायला ऊर्जा लागते. भार आणि तड्याची लांबी मिळून जेवढी ऊर्जा मोकळी करून देतात, तिला एनर्जी रिलीज रेट म्हणतात, पुस्तकात त्याचं चिन्ह जी. ती मोजायची ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये. समोरच्या मालाची किंवा जोडाची झेपण्याची क्षमता म्हणजे टफनेस, तिचंही एकक तेच. जी वाढत वाढत टफनेसला गाठलं की तडा सुटतो. चांगल्या फिल्मने चिकटवलेल्या नोमेक्स पॅनेलमध्ये ही क्षमता काहीशे ते हजार-दीड हजार ज्यूलच्या घरात असते.

एकजिनसी मालात तडा सहसा अशी वाट धरतो, जिथे त्याला निव्वळ उघडण्याचा मोड मिळेल. मोड म्हणजे तड्याच्या दोन बाजू एकमेकींपासून कशा हलतात ते. सँडविचमध्ये मात्र स्किन एकदम ताठ आणि कोअर एकदम मऊ. त्यामुळे जोडाच्या रेषेवर उघडणं आणि घसरणं हे दोन्ही मोड मिसळलेलेच असतात. घसरणं एका दिशेने असेल तर तडा कोअरमध्ये खाली शिरू पाहतो, उलट दिशेने असेल तर वर स्किनकडे दाबला जातो. वर स्किनचे तंतू आडवे येतात, म्हणून तो जोडावरच घासत जातो किंवा स्किनच्या पहिल्या थरात घुसून डिलॅमिनेशन होतो. खाली वळला आणि कोअर फोम असेल, तर जोडाच्या खाली एक-दोन मिलिमीटरवर फोममधून समांतर धावतो. हनीकोंब असेल तर फिलेटच्या जरा खाली कागद फाटत जातो.

म्हणून तुटलेल्या पॅनेलची स्किन हातात आली की मी आधी तिची आतली बाजू बघतो. तिच्यावर षटकोनी खणांचे फाटके कागद चिकटून आले असतील तर चिकटवणाऱ्याचं काम चोख होतं, कोअर आधी गेलं. आतली बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असेल, खणांचा नुसता ठसा उमटलेला असेल, तर जोड कधी झालाच नव्हता. हे बघायला मशीन लागत नाही, उन्हात तिरकं धरलं की पुरतं.

विमान वर गेलं की डिसबाँड फुगतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. भाकरी आठवा. तव्यावर एक बाजू शेकली की आतली वाफ वरचा पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. पापुद्र्याला कुठे चीर असेल तर वाफ निघून जाते आणि भाकरी बसकी राहते. हनीकोंबच्या बंद खणांत हवा अडकलेली असते. खाली जमिनीवर बाहेरचा दाब आणि आतला दाब जवळपास सारखा. वर गेल्यावर बाहेरचा दाब उतरतो, आतली हवा तशीच. स्किन चिकटलेली असेल तिथे खणांच्या भिंती तिला धरून ठेवतात. सुटलेली असेल तिथे ती फुगते आणि फुगवट्याच्या कडेला पापुद्रा सोलला जातो.

हिशोब करून बघू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब साधारण ९८ किलोपास्कल. ३५,००० फुटांवर तो २४ च्या आसपास. फरक ७४ किलोपास्कल. सुटलेला गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा धरला तर स्किनवर आतून लागणारा जोर सुमारे ५,२०० न्यूटन, म्हणजे पाचशे किलोहून थोडा जास्त. एवढं वजन एका जेवणाच्या ताटाएवढ्या जागेवर.

आता यात थोडी सूट मिळते. वर तापमान उणे ५४ अंश असतं, हवा थंड झाली की तिचा दाब पडतो. मे महिन्यात सोनेगावच्या विमानतळावर ४५ अंशांत उभं असलेलं विमान धरलं, तर आतली हवा पूर्ण थंड झाल्यावर फरक ४४ किलोपास्कलपर्यंत उतरतो. पण सँडविच पॅनेल उष्णता अडवणारं असतं, ते लगेच थंड होत नाही, आणि विमान वीस-पंचवीस मिनिटांत वर पोचतं. म्हणून वर चढतानाचा काळ वाईट. शिवाय स्किन फुगली की आतली जागा वाढते आणि दाब जरा कमी होतो, हेही हिशोबात धरावं लागतं.

यातली धोक्याची गोष्ट आकाराची आहे. गोल फुगवट्याचं साधं सूत्र असं सांगतं की जी हे दाबाच्या वर्गावर आणि त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. त्रिज्या दुप्पट, तर जी सोळापट. फुगवटा स्किनच्या जाडीपेक्षा मोठा झाला की स्किन ताणली जाते आणि ही वाढ बरीच मंदावते, तरी दिशा तीच राहते. लहान डिसबाँड वर्षानुवर्षं पडून राहतो, काही करत नाही. एका मापाच्या पुढे गेला की प्रत्येक उड्डाण त्याला ढकलत नेतं. वर जाणं आणि खाली येणं, या चक्राला ग्राउंड-एअर-ग्राउंड सायकल म्हणतात.

हे कधी प्रत्यक्ष घडलंय का, की फक्त गणितात?

६ मार्च २००५. एअर ट्रान्झॅटचं एअरबस ए३१० क्युबातल्या वाराडेरोहून क्युबेकला निघालं होतं, आत २७१ माणसं. ३५,००० फुटांवर मोठा आवाज झाला आणि विमान डावी-उजवीकडे डुलायला लागलं. वैमानिकांनी ते परत वाराडेरोला नेऊन सुखरूप उतरवलं. खाली उतरून बघतात तर शेपटीच्या रडरचा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीचा, बहुतेक भाग गायब. तो रडर कार्बनच्या स्किन आणि नोमेक्स हनीकोंबचा होता. कॅनडाच्या तपास मंडळाचं म्हणणं असं की डिसबाँड किंवा कोअरमधला आडवा तडा आधीपासूनच असावा, आणि तो वाढला. त्या काळी ठरलेली तपासणी मुख्यतः डोळ्यांनी बघण्याची होती, आणि असला दोष तिच्यात सापडण्यासारखा नव्हता.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एका मालवाहू ए३०० चा रडर दुरुस्तीत इजा झाली म्हणून काढला गेला. तपासात इजेपेक्षा वेगळंच निघालं. आतली स्किन मोठ्या भागावर हनीकोंबपासून सुटलेली होती आणि मध्ये हायड्रॉलिक तेलाचे अंश होते. त्यानंतर जगभर या रडरांच्या तपासण्या झाल्या.

नासाच्या एक्स-३३ ची गोष्टही सांगतो. त्याची द्रव हायड्रोजनची टाकी कंपोझिट हनीकोंब सँडविचची होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये चाचणी झाली. टाकी भरली, भार दिला, सगळं ठीक. रिकामी करून ती गरम होऊ लागल्यावर सँडविचची स्किन कोअरपासून उकलली. आतल्या स्किनला अतिथंडीत केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या, त्यांतून वायू कोअरमध्ये शिरला. टाकी तापल्यावर तो फुगला आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. परत भाकरीच. २००१ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला.

डॅमेज टॉलरन्स म्हणजे ‘थोडं नुकसान चालतं’ असंच ना?

अर्धं बरोबर. पुरा अर्थ असा: नुकसान होणारच असं धरून चालायचं, ते सापडेपर्यंत रचनेने ठरलेला भार पेलला पाहिजे, आणि ते वेळेत सापडलं पाहिजे. यातल्या ‘सापडलं पाहिजे’ वर पोरं फार वेळ देत नाहीत.

धातूच्या विमानांसाठी हा नियम १९७८ मध्ये अमेरिकन नियमांत आला. त्याच्या आदल्या वर्षी झांबियात लुसाकाजवळ एका बोईंग ७०७ ची आडवी शेपटी थकव्याच्या भेगेने तुटून पडली होती. त्या आधी भर होता फेल-सेफवर, एक भाग गेला तर शेजारचा सांभाळेल. शेजारचाही तितकाच म्हातारा असेल हे लुसाकाने दाखवलं.

कंपोझिटसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेचं एसी २०-१०७बी हे २००९ चं मार्गदर्शन सगळीकडे आधाराला घेतात. त्यात नुकसानीचे पाच वर्ग आहेत. पहिला वर्ग न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या इजेचा. ती विमानाच्या आयुष्यभर तशीच राहिली तरी अल्टिमेट भार पेलला पाहिजे, म्हणजे सेवेत अपेक्षित असलेल्या सर्वांत मोठ्या भाराच्या (याला लिमिट भार म्हणतात) दीडपट. दुसऱ्या वर्गातली इजा ठरलेल्या तपासणीत सापडते, तोवर लिमिट भार पेलला म्हणजे झालं. तिसऱ्यातली इतकी उघड असते की काही उड्डाणांत रॅम्पवरचा, म्हणजे विमान उभं असतं तिथला, माणूसही ओळखेल. चौथ्यात वैमानिकालाच कळतं, पक्षी धडकला, इंजिनाचा तुकडा लागला. तिथे घरी पोचण्यापुरती ताकद उरली पाहिजे. पाचवा वर्ग डिझाइनमध्ये धरलेलाच नाही. सामानाची गाडी येऊन धडकली, त्यातला. तिथे धडक देणाऱ्या माणसाने तोंड उघडणं हाच एक उपाय. बाहेरून पेंटला ओरखडा आणि आत कोअरचा चुरा, असं असू शकतं. ‘माझ्याकडून लागलं’ म्हणणाऱ्या पोराला रागावणाऱ्या सुपरवायझरवर माझा फार राग आहे.

धातूसारखा पॅरिसचा नियम लावून तडा किती फेऱ्यांत वाढेल ते काढता येत नाही का?

सूत्र लावता येतं. १९६३ चा पॅरिस आणि एर्दोगन यांचा नियम दर फेरीला तडा किती वाढेल ते सांगतो. तो डिलॅमिनेशनलाही लावतात, के (तड्याच्या टोकावरच्या ताणाची तीव्रता) ऐवजी जी घालून. अडचण घातांकाची आहे. धातूत तो साधारण ३ असतो, कंपोझिटच्या तड्यांत बराच मोठा. भार दहा टक्क्यांनी वाढला तर घातांक ३ असताना वाढीचा वेग १.३३ पट होतो. भाराच्या हिशोबात घातांक १० असेल तर २.६ पट. भाराचा अंदाज एवढा काटेकोर कोणाकडे असतो? म्हणून बहुतेक ठिकाणी ‘वाढच होणार नाही’ असं दाखवण्याकडे कल असतो. ठरलेल्या मापाचा दोष मुद्दाम ठेवून पॅनेलला आयुष्यभराचे भार द्यायचे, दोष हलला नाही की पास. मंद वाढ किंवा थांबणारी वाढ दाखवायलाही नियमांत परवानगी आहे, पण ती स्थिर आणि अंदाज बांधता येण्यासारखी आहे हे सिद्ध करावं लागतं.

पाना पडला, पण खळगा जेमतेम दिसतो. एवढं मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. स्किन लवचीक असते. पाना पडतो तेव्हा ती खाली जाते आणि खालचं हनीकोंब चिरडलं जातं. मग स्किन परत वर येते, कोअर येत नाही. टोकदार वस्तूने भोक पडतं, ते निदान दिसतं. बोथट वस्तू, मोठी गार, रबरी बंपर यांनी वर काही दिसत नाही आणि खाली मोठ्या गोलात कोअर चेपलेलं असतं. त्यातून खळगा महिन्या-दोन महिन्यांत थोडा भरूनही येतो, ऊन आणि दमटपणाने स्किन सैल होते म्हणून. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात विदर्भात गारपीट होते. तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाची तपासणी त्याच दिवशी केलेली बरी.

अशा जागेवर दाबाचा भार आला की खळग्याच्या दोन बाजूंना, भाराला काटकोनात, चेपलेला भाग पुढे सरकत जातो. आधाराविना स्किन आत वाकते, शेजारचं कोअर चिरडते, अजून वाकते. ताणापेक्षा दाबाखाली सँडविचची उरलेली ताकद जास्त घसरते, ती यामुळे.

नाण्याने टकटक करून तपासणं अजून चालतं? हे जुनाट नाही का?

उन्हाळ्यात माठ घेताना बोटाने वाजवून घेता ना? खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर तडा. इथेही तेच. चांगल्या जागेवर आवाज स्वच्छ, सुटलेल्या जागेवर बसका. स्किन पातळ असेल आणि दोष वरच्या बाजूच्या जोडात असेल तर कान चांगलं काम करतो. स्किन जाड असेल किंवा दोष पलीकडच्या स्किनला असेल तर कानाला काही कळत नाही. पलीकडून वाजवता येत असेल तर तिकडून वाजवा.

एकदा एक पोरगा तासभर वाजवून म्हणाला, “सर, कुठंच काही नाही ना बाप्पा!” मागे कॉम्प्रेसर सुरू होता. तो बंद करून मी त्याला तेच पॅनेल परत वाजवायला लावलं. चौथ्या मिनिटाला त्याचा हात थांबला, एक बोट पुढे गेला, मागे आला. मग त्याने पेन्सिलने स्वतःच गोल काढला, बशीएवढा.

नाण्याच्या पुढची साधनं म्हणजे बाँड टेस्टर, आरपार अल्ट्रासॉनिक, शिअरोग्राफी आणि थर्मोग्राफी (उष्णतेच्या कॅमेऱ्याने बघणं). शिअरोग्राफीत पॅनेलवर थोडा निर्वात लावतात आणि सुटलेली जागा किती फुगते ते लेसरने बघतात. उड्डाणात जे होतं तेच टेबलावर, फार थोड्या प्रमाणात.

कोअरमध्ये पाणी गेलं तर वजन वाढण्यापलीकडे काय होतं?

वर गोठतं, फुगतं, खाली येऊन वितळतं, आणि हे रोज. अॅल्युमिनियमचं कोअर असेल तर गंजतं. विमान उतरल्यावर लगेच थर्मल कॅमेरा धरला तर पाणी भरलेले खण थंड डागांसारखे उठून दिसतात. अर्ध्या तासात डाग विरतात, म्हणून घाई करावी लागते.

पण मोठा धोका दुरुस्तीच्या वेळी असतो, आणि तो मी स्वतः भोगला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका वर्कशॉपात होतो, नाव राहू द्या. श्रावणातले दिवस. एका फेअरिंगवर, म्हणजे वारा सुरळीत जावा म्हणून लावलेल्या आवरणावर, पॅच बसवायचा होता, डिलिव्हरी संध्याकाळची. कोअर वाळवायला दिवसभर हवा होता, आम्ही दोन तास दिले. व्हॅक्यूम बॅग लावली, हीट ब्लँकेट १२१ अंशांवर नेलं. साधारण सव्वाशेच्या आसपास काटा होता तेव्हा बॅगखालून ‘फट्’ असा आवाज आला, फारसा मोठा नाही. उघडलं तर पॅच ठीक होता, आणि त्याच्या शेजारची, आम्ही हातही न लावलेली चांगली स्किन दोन वीत उचलली गेली होती. १२१ अंशांना बंद खणातल्या पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट असतो. १७७ अंशांच्या क्युअरला, म्हणजे रेझिन तापवून पक्कं करताना, तो नऊपट होतो. गरम झालेला जोड तेव्हा सगळ्यात नरमही असतो. सहा इंचांची दुरुस्ती दीड फुटांची झाली. तेव्हापासून आमच्याकडे वाळवण्याची वेळ घड्याळाने ठरत नाही. पॅनेल वजन करून ठेवतो, सलग दोनदा वजन उतरलं नाही की पुढे जातो.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कोणती टेस्ट घ्यावी?

तड्याचा विषय असेल तर सिंगल कँटिलिव्हर बीम, ज्याला एससीबी म्हणतात. सँडविचची खालची बाजू पक्क्या तळाला चिकटवायची, वरच्या स्किनच्या सुटलेल्या टोकाला बिजागरी लावून वर ओढायचं. तडा जसा पुढे जातो तसा नमुना सरकू द्यायचा, म्हणजे ओढ उभीच राहते आणि उघडण्याचा मोड टिकतो. दोन्ही बाजूंनी ओढण्याच्या डीसीबी चाचणीत तडा कोअरमध्ये वळून आकडे बिघडतात. प्रत्येक पाच मिलिमीटरला भार, सरकणं आणि तड्याची लांबी टिपा. कडेला पांढरा करेक्शन फ्लुइड लावून खुणा केल्या की तड्याचं टोक दिसतं. सुरुवातीचा तडा करायला क्युअर करताना स्किन आणि कोअरच्या मध्ये टेफ्लॉनची पातळ फिल्म ठेवा. तिच्या टोकाला चिकट फिल्मचा गोळा जमतो, त्यामुळे पहिला आकडा खोटा मोठा येतो. थोडा तडा नैसर्गिकपणे चालवून मगच मोजायला सुरुवात करा.

फक्त जोड चांगला आहे का एवढंच बघायचं असेल तर एएसटीएम या चाचण्यांच्या मानकांतली सी२९७ ची फ्लॅटवाइज टेन्शन किंवा डी१७८१ ची क्लाइंबिंग ड्रम पील पुरे. कोअरच्या शिअरसाठी (आडव्या घसरण्यासाठी) सी३९३. धडकेच्या चाचणीचा आराखडा डी७७६६ मध्ये आहे.

तड्याचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीसीसीटी (तड्याच्या टोकाशी जी काढण्याची पद्धत) वापरू की कोहेसिव्ह झोन (जोडालाच ताकद आणि टफनेस देऊन तो सुटू देण्याची पद्धत)?

तडा आधीच आहे आणि त्याचं जी किती एवढंच हवं असेल तर व्हीसीसीटी. तडा कुठे सुरू होईल हेही मॉडेलने सांगावं असं वाटत असेल तर कोहेसिव्ह. दोन्हींत टेस्टचे आकडे घालावे लागतात. कोणाच्या पेपरमधून उचललेला टफनेस तुमच्या फिल्मचा नसतो. फुगण्याचा प्रश्न सोडवत असाल तर आतला दाब स्थिर धरू नका, वायूचं समीकरण जोडा.

वाढणारा तडा डिझाइनमध्येच अडवता येतो का?

येतो, किंमत मोजून. पॅनेलला खणांमध्ये वाटून मध्ये भरीव पट्ट्या देतात. तिथे दोन्ही स्किन एकमेकींना मिळतात आणि तडा येऊन थांबतो. फोमच्या सँडविचमध्ये पील स्टॉपर बसवतात, जो तड्याला स्किनपासून दूर आत वळवून बंद खणात अडकवतो. स्किनमधून आरपार शिवण किंवा बारीक पिना घालण्याचेही प्रकार आहेत. अवकाशयानांत कोअरला भोकं पाडून हवेला वाट देतात, म्हणजे पापुद्रा फुगायचा प्रश्नच मिटतो. विमानात तीच भोकं पाण्याला आत यायची वाट होतात, म्हणून तिथे ती सहसा नसतात.

हे फक्त विमानांचं आहे का?

पवनचक्कीच्या पात्यांत बाल्सा आणि पीव्हीसी फोमचं सँडविच असतं, बोटींच्या तळातही. तिथे उंचीचा दाब नाही, पण वाकण्याच्या फेऱ्या अफाट. आपल्या संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतीही सँडविचच, पत्रा-पफ (फोम)-पत्रा. पश्चिमेकडच्या भिंतीवर मे महिन्यात पत्रा बाहेरून तापतो आणि आतली बाजू थंड, आणि पत्र्याला मधूनच फोड येतात. मूळ जोड कच्चा असला की फोड वर्षागणिक मोठा होतो. त्याने कोणी पडत-मरत नाही, वीजबिल वाढतं. विद्यार्थ्यांना मी आधी ती भिंत दाखवतो, कारण तिला हात लावता येतो.

नागपुरात राहून यात काम मिळेल?

मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोईंगने उभारलेला एमआरओ, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचा तळ, २०१५ पासून आहे. ड्रीमलायनरचे कंपोझिट फ्लोअर बीमही मिहानमध्ये बनत आले आहेत. व्हीएनआयटीत मेकॅनिकल आणि मेटलर्जीची शिकवणी चांगली आहे, फ्रॅक्चर मेकॅनिक्सचा पाया तिथे पक्का होतो. पण हात बसायला दुरुस्तीच्या टेबलावरच उभं राहावं लागतं. आमच्याकडे येताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा. कार्बनची धूळ उन्हाळ्याच्या घामात फार खाजते.

डिसबाँड सापडला, पण मॅन्युअलमधल्या परवानगीच्या मापापेक्षा लहान आहे. सोडून द्यायचा?

मॅन्युअल परवानगी देत असेल तर विमान अडवायचं कारण नाही. पण त्याची नोंद करा: जागा, माप, तारीख, कोणत्या साधनाने बघितलं. कडा सीलबंद आहेत का, जवळ भोक किंवा तेलाची नळी आहे का, ते बघा. पुढच्या तपासणीला तेच माप त्याच साधनाने परत घ्या. आमच्या वर्कशॉपात एका पॅनेलवर असा एक गोल आहे, सहा वर्षं झाली, मिलिमीटरनेही हललेला नाही. दर जूनला आम्ही तो वाजवतो.